एसजीपीटी ‘नॉर्मल’ आहे, पण यकृताचं काय?

नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर सिन्नर येतं. विडीचं गाव ही त्याची जुनी ओळख. माळेगावची एमआयडीसी आणि मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत ही नवी. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई असो की पाळ्यांमध्ये फिरणारा कारखान्यातला कामगार असो, मधुमेह असेल तर त्यांच्या फायलीत साखरेच्या रिपोर्टमागे लिव्हरचाही एक कागद लावलेला असतो. त्यावर एसजीपीटी आणि एसजीओटी अशा दोन ओळी असतात. आकडा ठळक छापलेला नसला की कागद घडी होऊन पिशवीत जातो. ठळक असला की घरात घबराट उडते: लिव्हरवर सूज आली, शुगरच्या गोळ्या बंद करा, काढा सुरू करा.

टाइप टू मधुमेह असलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही प्रतिक्रिया बऱ्याचदा चुकतात. आकडा मर्यादेत असला तरी यकृत निरोगी असेलच असं नाही, आणि वाढलेल्या आकड्याला गोळ्याच जबाबदार असतात असंही नाही. या दोन ओळींचा अर्थ लावायचा तर त्या वय, प्लेटलेट आणि पोटाचा घेर यांच्यासोबत वाचाव्या लागतात. ते कसं, हे या प्रकरणात पाहू.

रक्तात हे एन्झाइम येतात कुठून?

एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत काम करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम. नव्या रिपोर्टांवर त्यांनाच अनुक्रमे एएलटी आणि एएसटी म्हटलेलं असतं. प्रथिनांच्या घटकांमधला नायट्रोजनयुक्त गट एका रेणूवरून उचलून दुसऱ्यावर ठेवणं हे त्यांचं काम. ही रासायनिक क्रिया १९३७ मध्ये मॉस्कोत अलेक्झांडर ब्राउनस्टाइन आणि मारिया क्रिट्झमन यांनी दाखवून दिली. रक्तातलं प्रमाण मोजून रोग ओळखण्याची कल्पना मात्र १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आली, आणि तीही हृदयविकाराच्या निमित्ताने. आर्थर कारमेन, फेलिक्स रोब्लेव्स्की आणि जॉन लाड्यू यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातलं एसजीओटी वाढलेलं दिसलं. पुढे कळलं की हे एन्झाइम हृदय, स्नायू, यकृत अशा अनेक ठिकाणी असतं. एसजीपीटी मात्र मुख्यतः यकृतात असतं, म्हणून यकृताची खूण म्हणून तेच अधिक भरवशाचं ठरलं.

निरोगी माणसाच्या रक्तातही ही एन्झाइम थोडी असतात, कारण जुन्या पेशी मरतात आणि नव्या येतात. यकृताच्या पेशींना इजा झाली की ती जास्त प्रमाणात पाझरतात. एसजीओटीची रक्तातली पातळी साधारण १७ तासांत निम्मी होते, एसजीपीटीला सुमारे ४७ तास लागतात. म्हणजे हा आकडा गेल्या काही दिवसांचाच असतो. एचबीएवनसी जसा तीन महिन्यांचा हिशेब देतो, तसा तो देत नाही.

ही एन्झाइम पेशींची इजा दाखवतात, यकृताचं काम किती चाललंय ते दाखवत नाहीत. कामाचा अंदाज अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ यांवरून येतो. पेशींना इजा होत असूनही यकृत वर्षानुवर्षं नीट काम करतं. त्यामुळेच भूक चांगली, पचन चांगलं, कावीळ नाही, तरी आत चट्टे पडत राहतात.

साखर आणि यकृत

“रात्री भाकरीचा तुकडाही खाल्ला नाही, तरी सकाळची शुगर दोनशे कशी?” मधुमेहाच्या डॉक्टरांना हा प्रश्न ठिकठिकाणी ऐकावा लागतो. उत्तर यकृतात आहे. आपण झोपलेले असताना मेंदूला साखर लागते, ती यकृत बनवून देतं. त्यासाठी लागणारा काही कच्चा माल स्नायूंकडून येतो. त्यात अॅलनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्यावरचा नायट्रोजनचा गट काढून घेऊन ते साखर बनवण्याच्या वाटेवर आणतं ते एसजीपीटीच. म्हणजे लिव्हरच्या रिपोर्टवरचं हे एन्झाइम यकृताच्या साखर कारखान्यातलंच एक कामगार आहे.

एरवी इन्शुलिन यकृताला ‘आता पुरे’ असा निरोप देतं. टाइप टू मधुमेहात यकृत हा निरोप नीट ऐकत नाही आणि साखर बनवत राहतं. चमत्कारिक भाग पुढे आहे. साखर थांबवण्याच्या बाबतीत बहिरं झालेलं यकृत चरबी बनवण्याचा निरोप मात्र ऐकत राहतं. शरीर जास्तीचं इन्शुलिन सोडतं, तसतशी यकृतात चरबी वाढते.

त्यात शरीरातल्या चरबीचीही भर पडते. पोटाभोवतीच्या चरबीवरचा इन्शुलिनचा लगाम सुटला की तिच्यातून चरबीची आम्लं रक्तात येतात आणि यकृतात जाऊन साठतात. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांच्या यकृतातली चरबी येते कुठून, हे २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी खुणेचे अणू वापरून मोजलं. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या साठ्यातून आलेली होती, २६ टक्के यकृताने साखर आणि पिष्टापासून स्वतः बनवलेली होती, आणि थेट जेवणातल्या तेलातुपाची होती फक्त १५ टक्के. तेव्हा फोडणीतलं तेल कमी केलं आणि दिवसाचे सहा गोड चहा तसेच ठेवले, तर यकृताला फारसा दिलासा मिळत नाही.

यकृताच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींमध्ये चरबी दिसली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. बहुतेकांचं प्रकरण तिथेच थांबतं. काहींच्या पेशी सुजतात, मरतात आणि त्यांच्या जागी चट्टा, म्हणजे फायब्रोसिस, तयार होतो. चट्टे वाढत गेले की सिरोसिस. या वाटेवर माणसाला वेगाने ढकलणाऱ्या गोष्टींत मधुमेह वरच्या क्रमांकावर आहे. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे जुर्गेन लुडविग यांनी दारू न पिणाऱ्यांमध्येही दारुड्यांसारखंच बिघडलेलं यकृत दिसतं, असं वर्णन केलं. लिव्हर खराब म्हणजे दारूच, हा समज तेव्हापासून शास्त्रात तरी मागे पडला. गावात तो अजून टिकून आहे आणि त्यामुळे थेंबही न घेणाऱ्या बायकांच्या यकृताकडे कुणी पाहत नाही.

महाराष्ट्रातली यकृतं

या विषयातलं महत्त्वाचं काम आपल्याकडेच झालं आहे. मुंबईत रेल्वे कर्मचाऱ्यांच्या वसाहतींमध्ये डॉ. दीपक अमरापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. रुग्णालयात आलेले आजारी लोक न घेता त्यांनी वसाहतीतली साधी कुटुंबं तपासली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साधारण सहा माणसांमागे एकाला फॅटी लिव्हर आढळलं. हेच डॉ. अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले.

मधुमेहींचं चित्र याहून गडद आहे. मुंबईतल्या डॉक्टरांच्या एका गटाने टाइप टू मधुमेहाच्या २०४ रुग्णांची सोनोग्राफी केली. त्यात १२७ जणांच्या यकृतात चरबी दिसली. त्यांपैकी ९० जण बायॉप्सीला, म्हणजे सुईने यकृताचा कण काढून तपासायला, तयार झाले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तपासलेल्या कणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक कणांत चट्टे सापडले. यातल्या बहुतेकांना यकृताच्या आजाराचं कुठलंही लक्षण जाणवत नव्हतं.

“पण आमचे लोक जाड कुठे आहेत?” हा सिन्नरच्या पूर्व भागातल्या कोरडवाहू गावांत सहज विचारला जाईल असा प्रश्न. त्याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ आणि आतून चरबीयुक्त असा हा भारतीय बांधा. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करून त्याची मुळं गर्भातल्या कुपोषणापर्यंत नेली. कमी वजनाच्या बाळांतही स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून राहिलेली दिसली. म्हणून यकृताच्या बाबतीत वजनापेक्षा पोटाचा घेर जास्त बोलका आहे. भारतीय बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायला हवं.

‘नॉर्मल’ कुणी ठरवलं?

बहुतेक लॅब एसजीपीटीची वरची मर्यादा ४० ते ५५ च्या आसपास छापतात. अशा मर्यादा वरवर निरोगी दिसणाऱ्या लोकांची रक्तं तपासून ठरवल्या जातात. पण त्या ‘निरोगी’ लोकांतच कितीतरी जणांना नकळत फॅटी लिव्हर असतं. २००२ मध्ये इटलीत मिलानच्या संशोधकांनी रक्तदात्यांमधून जाड, जास्त साखर किंवा जास्त चरबी असलेले लोक वगळले आणि मर्यादा पुन्हा काढली. ती पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ निघाली. म्हणजे ३५ एसजीपीटी असलेल्या मधुमेही बाईच्या रिपोर्टवर लॅब काहीच खूण करत नाही, पण तिचा आकडा या हिशेबाने जवळपास दुप्पट असतो.

मर्यादा खाली आणली तरी पुढचा प्रश्न उरतोच. चट्टे वाढत जातात, तशा जिवंत पेशी कमी होतात, आणि पाझरायला एन्झाइमच कमी उरतात. सिरोसिसच्या पुढच्या टप्प्यावरच्या माणसाचं एसजीपीटी २५ असू शकतं. टाकीच रिकामी होत आली की गळती थांबते, तसाच हा प्रकार. म्हणून गेल्या वर्षी ७० असलेला आकडा यंदा ३० झाला, तर वजन उतरलं, साखर ताब्यात आली म्हणून तो घटला आहे ना, हे पाहायलाच हवं.

एक साधा हिशेब

चट्ट्यांचा अंदाज घ्यायला बायॉप्सीच हवी असं नाही. २००६ मध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी एक सूत्र बनवलं गेलं. त्याला फिब-४ म्हणतात. आज ते फॅटी लिव्हरसाठी जगभर वापरलं जातं. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे दीड लाख असतील तर १५०.

समजून घेण्यासाठी दोन कल्पित माणसं घेऊ. एक विडी कामगार बाई, वय ५५, मधुमेहाला दहा वर्षं झालेली. एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट दीड लाख. रिपोर्टवर एकही आकडा ठळक नाही. हिशेब करा: ५५ गुणिले ४० म्हणजे २२००. ३६ चं वर्गमूळ ६, त्याला १५० ने गुणलं की ९००. उत्तर २.४४.

दुसरा मुसळगावच्या कारखान्यातला कामगार, वय ४०. एसजीओटी ५०, एसजीपीटी ८१, प्लेटलेट अडीच लाख. दोन्ही एन्झाइम ठळक अक्षरांत. ४० गुणिले ५० म्हणजे २०००. ८१ चं वर्गमूळ ९, गुणिले २५० म्हणजे २२५०. उत्तर ०.८९.

१.३ च्या खाली असेल तर मोठे चट्टे असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर ती बरीच जास्त. मधल्या आकड्याला पुढची तपासणी लागते. म्हणजे घाबरून डॉक्टरांकडे धावलेल्या कामगाराला वजन उतरवून पुन्हा तपासणी करायला वेळ आहे, आणि ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी परतलेल्या बाईंची तपासणी आधी व्हायला हवी. पुढची तपासणी म्हणजे बहुधा फायब्रोस्कॅन. पोटावर यंत्र टेकवून यकृताचा कडकपणा मोजतात. सुई नाही, भूल नाही.

सूत्रात प्लेटलेट का, याचं कारण शरीररचनेत आहे. यकृत घट्ट झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकतात. शिवाय प्लेटलेट बनवायला सांगणारं संप्रेरक यकृतच तयार करतं, तेही घटतं. त्यामुळे मधुमेहीच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये दरवर्षी हळूहळू उतरणाऱ्या प्लेटलेटकडे यकृताची खूण म्हणून पाहायला हवं.

या हिशेबाला मर्यादाही आहेत. पस्तिशीच्या आत तो फारसा विश्वासार्ह नाही. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात. आणि पावसाळ्यात तापातून उठलेल्या माणसाचा हिशेब करूच नये: डेंगीत प्लेटलेट पडतात, एसजीओटी चढतं, आणि चांगल्या यकृताचाही आकडा भयंकर दिसतो. दीड-दोन महिने जाऊ द्यावे आणि मग रक्त तपासावं.

प्रत्येक वाढीला चरबीच जबाबदार नसते

फॅटी लिव्हरमध्ये एन्झाइम सहसा मर्यादेच्या दोन-तीन पटींत राहतात आणि सुरुवातीला एसजीपीटी एसजीओटीपेक्षा जास्त असतं. एसजीओटी दुपटीने जास्त असेल तर डॉक्टर दारूबद्दल खोदून विचारतात. या दोघांच्या प्रमाणाचं महत्त्व इटलीतले फर्नांडो दे रितिस यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं. आकडे हजारात गेले तर कावीळ करणारे विषाणू किंवा औषधाची विषबाधा आधी शोधावी लागते. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी प्रत्येक मधुमेहीने एकदा तरी करून घ्यावी. दिवसभर पोती वाहिल्यावर किंवा व्यायामाच्या पहिल्याच दिवशी जोर मारल्यावरही एन्झाइम वाढतात, पण ती स्नायूंतून आलेली असतात. टीबीची औषधं चालू असतील तर वाढलेला आकडा त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावा.

आणि काढे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या कोविडच्या काळात मुंबईत डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, मधुमेहासाठी कडू काढे आणि चूर्णं घेणारे लोक ती ‘औषधात’ धरत नाहीत आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. वाढलेल्या एन्झाइमचं कारण शोधताना ही माहिती दडली तर सगळा तपास चुकीच्या दिशेने जातो.

गोळ्यांविषयीची भीती मात्र बहुतांशी निराधार आहे. मेटफॉर्मिनमुळे यकृत खराब होत नाही. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्याही फॅटी लिव्हर असताना चालतात. अशा माणसाला यकृताइतकाच, किंबहुना जास्त, धोका हृदयाचा असतो, त्यामुळे त्या बंद करणं महागात पडतं. सिरोसिस बळावल्यावर औषधं बदलावी लागतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

काय केल्याने आकडा उतरतो?

क्यूबामध्ये हवाना इथे २९३ रुग्णांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचं सर्वांत ठोस उत्तर देतो. त्यांपैकी बहुतेकांच्या बायॉप्सी आधी आणि वर्षभराने अशा दोनदा झाल्या. मधल्या काळात आहार आणि व्यायाम एवढंच. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांपैकी ९० टक्क्यांची यकृताची सूज गेली आणि ४५ टक्क्यांचे चट्टेही मागे हटले. ७० किलोच्या माणसाला हे सात किलो होतात. पाच टक्क्यांनीही चरबी घटायला सुरुवात होते. वजनाने मुळातच सडपातळ असलेल्यांना त्याहून कमी उतरलं तरी फायदा दिसतो.

औषधंही आली आहेत. अहमदाबादच्या झायडसने तयार केलेल्या सारोग्लिटाझार या गोळीला भारतात २०२० मध्ये या आजारासाठी परवानगी मिळाली. अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड मंजूर झालं. तरी पहिलं औषध वजन उतरवणं आणि साखर ताब्यात ठेवणं हेच राहिलं आहे. विड्या वळणाऱ्या बाईने दर तासाला सूप खाली ठेवून पाच मिनिटं चालणं, रात्रपाळीच्या कामगाराने पहाटेच्या वड्याऐवजी घरची ज्वारी-बाजरीची भाकरी आणि उसळ खाणं, चहातली साखर बंद करणं, दारू पूर्ण सोडणं: हे उपाय कुणालाही करता येतील आणि त्यांना पैसेही लागत नाहीत.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह आणि हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तिशीनंतरच्या प्रत्येकाचा जो फॉर्म आशाताई भरतात, त्यात कमरेचा घेर असतोच. मोजायचा टेप गावापर्यंत पोहोचला आहे. त्यापुढचा फिब-४ चा हिशेब मात्र अजून क्वचितच कुणी मांडतं, आणि त्यासाठी नवं यंत्र, नवं इंजेक्शन काहीही लागत नाही.

तेव्हा तुम्हाला किंवा घरात कुणाला टाइप टू मधुमेह असेल तर एवढं करा. वर्षातून एकदा एसजीपीटी, एसजीओटी आणि प्लेटलेट एकाच दिवशी तपासून घ्या, तापात नको. घेत असलेली प्रत्येक गोळी आणि प्रत्येक काढा डॉक्टरांना सांगा. “माझा फिब-४ किती येतो?” असं त्यांना सरळ विचारा. पाय सुजले, पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, शौचाला काळं झालं किंवा माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि ठळक आकडा दिसला म्हणून मधुमेहाची गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका.